लहान मुलांचा पियानो आणि गटातले संगीतवर्ग : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी लहान मुलांना पियानो आणि गटात संगीत शिकवते. चौकशीला आलेले पालक आधी वयाबद्दल विचारतात, मग वाद्याबद्दल. "घरी सरावाला बसतच नाही, काय करू?" हा प्रश्न दोन-तीन महिन्यांनी येतो. खरं तर तो पहिल्याच भेटीत विचारायला हवा, म्हणून खाली त्यालाच सगळ्यांत जास्त जागा दिली आहे. बाकीच्या प्रश्नांतले काही दोन ओळींत संपतात.

कितव्या वर्षी सुरुवात करावी?

संगीताचं उत्तर वेगळं आणि पियानोचं वेगळं. संगीताला वयाची अट नाही. कडेवरचं मूलही ठेक्यावर झुलतं. दीड-दोन वर्षांची मुलं आईबाबांच्या मांडीवर बसून गटवर्गात येऊ शकतात, तीन-चार वर्षांची एकटी बसतात. पियानोची स्वतंत्र शिकवणी मात्र बहुतेकांना साडेपाच ते सातच्या दरम्यान मानवते. त्याआधी सुरू केलं तर बराचसा वेळ खुर्चीवर बसवण्यातच जातो.

वयाच्या आकड्यापेक्षा मी इतर गोष्टी बघते. एका कामात दहा मिनिटं रमतं का? टेबलावर पाचही बोटं टेकवून फक्त मधलं उचलायला सांगितलं तर जमतं का? (अनामिका उचलायला सांगू नका, ती मोठ्यांचीही सहज उचलत नाही.) आणि ओळखीचं एखादं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हणतं का? सूर इकडेतिकडे झाला तरी हरकत नाही. या शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देते. ज्या मुलाच्या डोक्यात गाणं वाजत असतं, त्याची बोटं चुकली तर त्याचं त्यालाच कळतं. ज्याच्या डोक्यात काही वाजत नसतं, त्याला दरवेळी कोणीतरी "चुकलं" म्हणून सांगावं लागतं.

मुलगी नऊ वर्षांची आहे. उशीर झाला का?

नाही. पाच वर्षांच्या मुलाला जे शिकायला वर्ष लागतं, ते नऊ वर्षांचं मूल बऱ्याचदा काही महिन्यांत उरकतं. बोटं, नजर आणि समज तिन्ही तयार असतात.

लवकर सुरुवातीचा एक फायदा अनेकांनी ऐकलेला असतो : कोणताही आधार नसताना नुसता सूर ऐकून त्याचं नाव सांगता येणं. ही क्षमता असलेल्यांपैकी पुष्कळांचं संगीतशिक्षण सहा-सात वर्षांच्या आत सुरू झालेलं असतं, हे खरं. पण लवकर सुरुवात करणाऱ्या बहुतेक मुलांत ती येत नाही, आणि तिच्यावाचून कोणाचं अडतही नाही. तेवढ्यासाठी तीन वर्षांच्या मुलाला पियानोपुढे बसवू नका.

गटवर्गात मुलं नुसती चालतात, थांबतात, टाळ्या वाजवतात. शिकतात कधी?

तेव्हाच शिकतात. दाराच्या काचेतून तो खेळ दिसतो, म्हणून हा प्रश्न येतो.

एमिल झाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात हार्मनी (एकाच वेळी वाजणारे स्वर जुळवण्याचं शास्त्र) शिकवत. त्यांच्या लक्षात आलं की विद्यार्थी कागदावर स्वरांची गणितं बरोबर सोडवतात, पण लिहिलेलं त्यांना कानात ऐकू येत नाही आणि वाजवताना लय डळमळते. तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना बाकावरून उठवून चालायला लावलं. आज जगभरच्या बालवर्गांत जे चालणं-थांबणं दिसतं, त्यातलं बरंच तिथून आलं आहे.

वर्गात काय घडतं ते सांगते. मी पियानोवर एका मात्रेला एक स्वर वाजवते तेव्हा मुलं चालतात. मात्रेला दोन स्वर वाजवले की पळतात, एक स्वर दोन मात्रा लांबवला की हत्तीसारखी पावलं टाकतात. मधेच वाजवणं थांबवलं की जागच्या जागी गोठायचं. चार वर्षांच्या मुलाला सगळ्यांत अवघड जातं ते हे थांबणं. पुढे वही उघडल्यावर त्या थांबण्याला 'विराम' म्हणतात आणि त्याची खूण असते, पण मुलाच्या अंगात तो आधीच मुरलेला असतो.

आणखी थोड्या दिवसांनी पायांनी मात्रा चालायच्या आणि हातांनी गाण्याच्या शब्दांवर टाळी द्यायची. पाय सरळ चालतात, हात मधेच दोनदा, मधेच एकदा. बघणाऱ्याला मजा वाटते. दोन वर्षांनी हेच मूल डाव्या हाताने संथ साथ आणि उजव्याने धून वाजवायला बसतं, तेव्हा त्याला दोन वेगळी कामं एकाच वेळी करायची सवय झालेली असते. पियानोवर मुलं सगळ्यांत जास्त अडतात ती दोन हात एकत्र आणताना. ज्यांनी हे चालून पाहिलेलं असतं, ती तिथे कमी रडतात.

मग गट चांगला की एकट्याची शिकवणी?

लयीसाठी, गाण्यासाठी, ऐकण्यासाठी गट. हाताची ठेवण, आवाजाचा पोत, वाचन यांसाठी एकट्याची शिकवणी.

गटाचं महत्त्व दाखवणारा एक छान प्रयोग आहे. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिले. कधी समोर माणूस वाजवत होता, कधी यंत्र, कधी नुसताच स्पीकरमधून आवाज येत होता. मुलांची लय सगळ्यांत चांगली जुळली ती माणसाबरोबर (२००९). त्याच दोघांनी पुढच्या वर्षी चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या घेतल्या. ज्या जोड्या एकत्र गायल्या-वाजवल्या, त्यांतली मुलं नंतरच्या खेळात एकमेकांच्या मदतीला जास्त धावली.

गटाची खोटही सांगायला हवी. आठ मुलांत एखादं मूल नुसते ओठ हलवत राहू शकतं आणि महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. पटकन शिकणारं मूल कंटाळतं. कीबोर्डवर गटाने शिकवताना प्रत्येकाच्या मनगटाकडे बघणं अशक्य असतं, आणि वाकड्या मनगटाची सवय लवकर लागते, सुटता सुटत नाही. म्हणून साडेपाचपर्यंत फक्त गट, त्यानंतर एकट्याची शिकवणी आणि जोडीला जमेल तसा गट, हा क्रम मला पटतो.

एका गटात किती मुलं असावीत?

गाणं आणि हालचालीच्या वर्गात सहा ते आठ. कीबोर्डसह असेल तर चार, त्याहून जास्त नको. वयांतलं अंतर वर्ष-दीड वर्षापेक्षा मोठं असेल तर लहानगी मोठ्यांकडे बघत बसतात आणि मोठी कंटाळतात.

दालक्रोझ, कोदाय, ओर्फ, सुझुकी… यांतलं काय निवडायचं?

नावं भारदस्त आहेत, पण प्रत्येकामागे एक साधी कल्पना आहे.

दालक्रोझचं वर आलंच. हंगेरीचे झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांचा भर गाण्यावर. वाद्याच्या आधी गळा. त्यांच्या वर्गात 'डो' म्हणजे एकच ठरलेली पट्टी नसते, गाणं जिथून सुरू करू तिथला तो आधारस्वर. सारेगम म्हणणाऱ्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही, आपला 'सा' तसाच सरकता आहे. प्रत्येक स्वराला हाताची एक खूण असते. त्या खुणा कोदायच्या आधी इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी प्रचारात आणल्या होत्या. सुरुवात होते ती फक्त दोन स्वरांनी : प आणि खालचा ग. कोणी मूल लांबून मित्राला हाक मारतं तेव्हा ऐका, बऱ्याचदा हेच अंतर सापडतं.

जर्मनीचे कार्ल ओर्फ (१८९५–१९८२) यांच्या वर्गात छोटी झायलोफोन (काठ्यांनी वाजवायची लाकडी पट्ट्यांची वाद्यं) असतात आणि त्यांच्या पट्ट्या काढता येतात. म आणि नी काढून ठेवले की उरतात सा रे ग प ध. आता सहा मुलांनी मनाला येईल ते एकाच वेळी बडवलं तरी कानाला बोचत नाही. ज्यांना राग थोडेफार ओळखता येतात त्यांनी ओळखलं असेलच, हे भूपाचे स्वर. पियानोवर हीच गंमत फुकटात मिळते : काळी तीनला (तीन काळ्यांच्या गटातल्या पहिलीला) 'सा' धरून फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. माझ्याकडे आलेलं मूल पहिल्या दिवशी काळ्या पट्ट्यांवरच वाजवतं, मी खाली साथ धरते, आणि ते घरी जाऊन सांगतं की मी पियानो वाजवला. ते खोटं नसतं.

जपानचे शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) व्हायोलिन शिकवत, पियानोला ती पद्धत नंतर लागली. त्यांचं म्हणणं : मूल मातृभाषा शिकतं तसं संगीत शिकावं. आधी पुष्कळ ऐकायचं, मग बोलायचं, वाचन त्यानंतर. ध्वनिमुद्रण रोज घरात लावायचं आणि पालकाने वर्गात बसायचं. यामाहा या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीचे वर्ग जपानात १९५४ मध्ये सुरू झाले. तिथे गटात, कीबोर्डवर, ऐकणं-गाणं-वाजवणं एकत्र चालतं.

निवडायचं काय? पद्धतीच्या पाटीपेक्षा शिक्षक बघा. बहुतेक अनुभवी शिक्षक चारही टोपल्यांतून थोडं थोडं उचलतात. "आमचीच पद्धत शास्त्रीय" असं कोणी ठासून सांगू लागलं की मी जरा सावध होते.

वर्गात पालकांनी बसायचं का?

तीन वर्षांच्या आतल्यांच्या वर्गात हो, आणि गायचंही. चार-पाचच्या गटात नको, पालक दिसले की निम्मी मुलं मांडीकडे धावतात. एकट्याच्या शिकवणीत पहिली एक-दोन वर्षं बसलात तर उत्तम, पण मागे, वही घेऊन, न बोलता. मी प्रश्न मुलाला विचारते आणि उत्तर मागून येतं, असं फार वेळा होतं.

कोणतं वाद्य घ्यावं?

गटवर्ग चालू असेपर्यंत काहीच घेऊ नका. स्वतंत्र शिकवणी सुरू झाली की मात्र घरात वाद्य हवंच, "आधी आवड बघू, मग घेऊ" असं इथे चालत नाही. वाद्य नसलेल्या घरात आवड दिसायची कशी?

पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. लहान मुलाला पहिल्या वर्षात इतक्या लागत नाहीत, ६१ पट्ट्यांचा कीबोर्डही चालतो. अट एकच : पट्टीला स्पर्श कळला पाहिजे. एकच पट्टी आधी अलगद दाबून बघा, मग जोरात. आवाजात फरक पडला नाही तर ते वाद्य घेऊ नका, किंमत कितीही कमी असो. या वाद्याचा जन्मच त्या फरकासाठी झाला. पियानोच्या आधीच्या हार्पसिकॉर्ड या वाद्यावर बोट कसंही आपटलं तरी आवाज जवळजवळ तेवढाच येई. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी तारेला छेडण्याऐवजी हातोडीने ठोकणारं वाद्य घडवलं, आणि बोटाच्या जोरावर आवाज लहानमोठा होऊ लागला. 'पियानो' आणि 'फोर्टे' म्हणजे इटालियनमध्ये हळू आणि जोरात. नावातला 'जोरात' पुढे गळून पडला. वर्गातल्या काही मुलांना हे कळवायचं राहिलं आहे.

वर्षभरानंतर वजनदार पट्ट्यांचा, पूर्ण ८८ चा डिजिटल पियानो घ्यावा. हलक्या पट्ट्यांवर शिकलेली बोटं खऱ्या पियानोवर दमतात, निम्मे स्वर उमटतच नाहीत. छोट्या, अरुंद पट्ट्यांची खेळणी नकोत, हाताला चुकीच्या अंतराची सवय लागते.

तारांचा पियानो घ्यायचा असेल तर आत दोनशेहून जास्त तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण काही टनांचा असतो, हे लक्षात ठेवा. हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगतं-आक्रसतं आणि सूर उतरतो. वर्षातून दोनदा ट्यूनर (सूर जुळवणारा कारागीर) बोलवावा लागतो. खिडकीच्या उन्हात तो ठेवू नये. जुना घेताना बरोबर ट्यूनर न्या, कारण बाहेरून लखलखीत दिसणाऱ्या पियानोच्या खुंट्या आतून सैल असू शकतात. मग तो सूरच धरत नाही.

वाद्याइतकीच गरज आसनाची. कोपर पट्ट्यांच्या पातळीत यायला हवं. सहा वर्षांच्या मुलाला त्या उंचीवर बसवलं की पाय लोंबकळतात, आणि पाय लोंबकळले की खांदे वर चढतात. पायाखाली स्टूल द्या, नाहीतर जाड पुस्तकांचा गठ्ठा. कीबोर्ड जमिनीवर किंवा पलंगावर ठेवून सराव होत नाही.

घरात हार्मोनियम आहे. चालेल का?

सूर ओळखायला, सोबत गायला फार छान. पियानोच्या सरावाला नाही. एक हात भात्यात अडकतो, त्यामुळे दोन हातांचं काम राहूनच जातं. आवाजाचा जोर भात्यावर असतो, बोटावर नाही, आणि पट्टी दाबून ठेवली की सूर चालूच राहतो. पियानोवर स्वर उमटताक्षणी विरायला लागतो. हे दोन स्पर्श अगदी वेगळे. घरात पेटी वाजवणारं कोणी असेल तर मात्र मुलाने रोज त्यांच्याजवळ बसून दोन गाणी म्हणावीत. त्याचा उपयोग पियानोवर दिसतो.

टॅबवरचं ॲप वापरून शिकता येईल?

काचेवर बोट टेकवणं म्हणजे पट्टी दाबणं नव्हे. खऱ्या वाद्यासमोर ठेवलेलं ॲप पट्टी बरोबर होती का आणि वेळेवर दाबली का एवढंच सांगतं, मनगट कडक आहे की सैल हे त्याला दिसत नाही. स्वर ओळखण्याच्या खेळासाठी आठवड्यातून दोनदा वापरायला हरकत नाही.

पट्ट्यांवर नावांचे स्टिकर लावू का?

नको. मूल स्टिकर वाचायला लागतं आणि पट्ट्या बघायचं थांबतं. काळ्या पट्ट्या दोनदोनच्या आणि तीनतीनच्या जोडगोळ्यांत आहेत, तोच पियानोचा नकाशा. दोन काळ्यांच्या लगेच डावीकडची पांढरी ती सी (पियानोवरच्या स्वरांना सी, डी, ई अशी नावं असतात). डोळे मिटून तळव्याने चाचपून दोनच्या जोड्या शोधायला सांगा. हा खेळ पाच वर्षांच्या मुलाला चार दिवसांत जमतो, आणि मग स्टिकरची आठवण पालकांनाच येते.

नोटेशन वाचायला कधी शिकवता?

स्वर वर गेला, खाली आला की तिथेच राहिला, हे आधी कानाने आणि हाताने. पियानोचे स्वर पाच आडव्या ओळींवर लिहितात, पण त्याआधी त्या ओळी नसलेलं सोपं लेखन, ज्यात चिन्हं नुसती वरखाली जातात. त्यानंतर पाच ओळी. साधारण वर्षभर लागतं.

एक खड्डा सांगते. पियानोत अंगठा एक आणि करंगळी पाच, असे बोटांना आकडे असतात. सुरुवातीच्या पुस्तकांत स्वरांवर ते आकडे छापलेले असतात, आणि मूल स्वर न वाचता आकडे वाचतं. "तीन म्हणजे ई" अशी त्याची समजूत होते. हात एक घर सरकवला की इमला कोसळतो. तुमचं मूल सरावताना आकडे मोठ्याने म्हणत असेल तर मला सांगा, मी खोडरबर घेऊन बसते.

उलट खोडही असते : कान इतका तयार की एकदा ऐकून वाजवतं आणि वहीकडे ढुंकूनही बघत नाही. त्याचं कौतुक करावं, आणि रोज दोन ओळी अशा द्याव्यात ज्या त्याने कधी ऐकलेल्या नाहीत.

घरी सरावाला बसतच नाही. काय करू?

हा तो प्रश्न. मूल आठवड्यातून एकदा अर्धा तास माझ्याकडे असतं, बाकीचे सहा दिवस ते तुमच्याकडे असतं. पहिल्या दोन वर्षांत सराव हे मुलाचं काम नसतं, पालकाचं असतं. सहा वर्षांच्या मुलाला "जा, सराव कर" म्हणणं म्हणजे "जा, स्वतःला शिकव" म्हणण्यासारखं आहे. त्याला ते येत नाही आणि आपल्याला येत नाही हे सांगताही येत नाही, म्हणून त्याला तहान लागते, पोटात दुखतं, पेन्सिल सापडत नाही.

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा एखाद्या नेहमीच्या कामाला जोडा. शाळेतून आल्यावर कपडे बदलले की वाद्य, किंवा सकाळी बूट घालण्याआधी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं पुरतात, शक्य असेल तर सात-सात मिनिटांचे दोन तुकडे. रविवारी तासभर बसवून आठवडा भरून निघत नाही.

बसल्यावर काय करायचं, यात खरी मेख आहे. बहुतेक मुलं गाणं पहिल्यापासून सुरू करतात, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. अशाने पहिल्या दोन ओळी आठवड्यात शंभरदा वाजतात, शेवटची चारदा. म्हणून शेवटची ओळ आधी. ती आली की त्याच्या आधीची जोडायची. असं मागून पुढे गेलं की मूल दरवेळी कच्च्याकडून पक्क्याकडे जातं, आणि गाणं संपतं तेव्हा वाजवणं चांगलं झालेलं असतं.

अडलेली जागा सापडली की तेवढीच, पाच-सहा स्वरांची, घ्या. पियानोच्या डाव्या टोकाला तीन बटणं ठेवा. बरोबर वाजलं की एक बटण उजवीकडे. चुकलं की तिन्ही परत डावीकडे, अशी नेहमीची रीत आहे, पण मी चार-पाच वर्षांच्यांना ती लावत नाही. फक्त एक बटण परत येतं. तिन्ही परत गेली की रडारड होते आणि सराव तिथेच संपतो.

दोन हातांचं गाणं असेल तर एक हात मुलाचा, दुसरा तुमचा. तुम्हाला येत नसेल तर मूल दुसऱ्या हाताचा भाग गाईल. गाता गाता वाजवता आलं की एकत्र करायला वेळ लागत नाही.

आणि एक विनंती : दुसऱ्या खोलीतून "चुकलं!" असं ओरडू नका. मुलाला ते कळलेलं असतं, निदान अर्ध्या वेळा. तुम्ही ओरडलात की कान तुमच्याकडे लागतो, गाण्याकडे राहत नाही. जवळ बसलात तर चूक दाखवण्याऐवजी विचारा, "कुठली जागा तुला आवडली नाही?" मुलं नेमकी जागा दाखवतात.

शेवटी नेहमी एक जुनं, पक्कं येणारं गाणं वाजवून उठायचं. ज्या दिवशी खरंच वेळ नाही, त्या दिवशी तेवढंच. दोन मिनिटं झाली तरी झाकण उघडलं गेलं.

बक्षिसं? सुरुवातीला तक्त्यावर चांदण्या ठीक आहेत. पण चांदणी "बसलास" यासाठी द्या, "छान वाजवलंस" यासाठी नको. नाहीतर मूल सोपंच वाजवत बसतं.

मला संगीतातलं काही कळत नाही. मी काय मदत करणार?

वर लिहिलेल्या एकाही गोष्टीला संगीत येण्याची गरज नाही. उलट मुलाला म्हणा, "मला शिकव." काहीच न येणारे पालक बऱ्याचदा संगीत शिकलेल्या पालकांपेक्षा चांगली सोबत करतात, कारण ते ऐकतात. शिकलेले सुधारत बसतात.

आमचा मुलगा बेसूर गातो. पियानो जमेल का?

किती वर्षांचा आहे? चार-पाचला सूर हलणं अगदी नेहमीचं. पुष्कळदा दोष मुलाचा नसतो, पट्टीचा असतो. लहान मुलाचा सुखाचा पल्ला छोटा आणि उंच असतो, पियानोच्या मधल्या सीला 'सा' धरला तर साधारण रे ते ध. मोठी माणसं आपल्या सोयीने खालच्या पट्टीत गातात आणि मूल तिथे उतरायला बघतं. तुम्ही वरच्या पट्टीत, हळू आवाजात गाऊन बघा. बाबांच्या खर्जापाशी गोंधळणारी काही मुलं दुसऱ्या मुलाचा आवाज ऐकून पटकन सुराला लागतात, गटवर्गाचा हाही फायदा. "तू गाऊ नकोस, तुझा सूर लागत नाही" एवढं मात्र कोणी म्हणू नये. ते वाक्य चाळीस वर्षं लक्षात ठेवलेले पालक माझ्यासमोर बसतात.

पियानोने बुद्धी वाढते म्हणतात. खरं का?

या दाव्याचा उगम बघण्यासारखा आहे. १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटा अभ्यास आला. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांनी मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना दहा मिनिटं ऐकली, आणि आकृत्यांविषयी तर्क करण्याच्या चाचणीत त्यांना थोडे जास्त गुण पडले. परिणाम पंधरा-एक मिनिटांत ओसरला. त्यात लहान मूल एकही नव्हतं आणि कोणी काही वाजवलंही नव्हतं. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना शास्त्रीय संगीत देण्यासाठी सरकारी पैसे मागितले.

वाजवायला शिकण्याबद्दलचे अभ्यास वेगळे. ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ मध्ये सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट केले : कीबोर्ड, गाणं, नाटक आणि काहीच नाही. संगीताच्या गटांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा थोडा जास्त वाढला. इतरांशी वागण्याबोलण्यात मात्र नाटकाची मुलं पुढे गेली. २०१३ मध्ये चार वर्षांच्या मुलांवरच्या दोन प्रयोगांत थोड्या आठवड्यांच्या संगीतवर्गाचा असा कोणताही ठोस फायदा आढळला नाही. गणितात गुण हवे असतील तर गणित शिकवा. पियानो शिकवायला पियानो येणं हे कारण पुरेसं आहे.

ग्रेडच्या परीक्षा कधीपासून?

एबीआरएसएम (स्थापना १८८९) आणि ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या आठ ग्रेड असतात, त्याआधी 'इनिशियल' पायरी असते. आठ वर्षांच्या आत मला घाई वाटत नाही. परीक्षेत मोजक्याच रचना वाजवायच्या असतात. त्याच वर्षभर घोटल्या तर प्रमाणपत्र मिळतं, पण नवी रचना समोर ठेवली की मूल गोंधळतं. वर्षाला वीसेक छोटी गाणी वाजवणारं मूल परीक्षेला बसलं तर बिघडत नाही.

मुलगी डावखुरी आहे.

काही फरक पडत नाही. पियानोला दोन्ही हात लागतात, आणि उजव्या हाताची मुलं ज्या डाव्या हाताने रडतात तो हिचा तयार असतो.

बोटं फार लहान आहेत.

एका सप्तकाचं अंतर साधारण साडेसोळा सेंटिमीटर असतं, ते लहान हाताला पुरणारच नाही. सुरुवातीच्या रचना पाच शेजारच्या पट्ट्यांत बसतात, म्हणून चिंता नको. बोटं ताणायचे व्यायाम घरी करून घेऊ नका.

सोडायचं म्हणतोय. सोडू द्यावं का?

आधी कधी म्हणतोय ते बघा. दोन हात एकत्र येताना, नवीन पुस्तक सुरू होताना किंवा शाळेच्या परीक्षांच्या आसपास हे वाक्य हमखास येतं. त्यामागे "हे मला जमत नाहीये" असतं. दोन आठवडे सोपी, त्याच्या आवडीची गाणी दिली की बऱ्याच जणांचं मत बदलतं.

तीन-चार महिने सातत्याने नको म्हणत असेल, वर्गाच्या दिवशी सकाळपासून चेहरा उतरत असेल, तर शिक्षक बदलून बघा. मी स्वतः काही मुलांना दुसऱ्या शिक्षकांकडे पाठवलं आहे आणि ती तिथे रमली. तरीही नको असेल तर थांबू द्या, पण हातातलं गाणं पूर्ण करून. अर्धवट सोडलेलं गाणं मुलांना आठवत राहतं.

कार्यक्रमात वाजवायला घाबरते.

आधी बाहुल्यांपुढे, मग आजीआजोबांपुढे, मग गटात. पहिल्या कार्यक्रमात शिक्षकाबरोबर चार हातांनी वाजवावं. आणि जे गाणं दोन महिने पक्कं आहे तेच, परवा शिकलेलं नाही. तरी तिथे गेल्यावर नको म्हणाली तर नको, टाळ्या वाजवायलाही कोणीतरी लागतंच.

शिक्षक कसा पारखावा?

एक तास मागे बसून बघू द्याल का, असं विचारा. तासात कोणाचा आवाज जास्त येतो, शिक्षकाच्या बोलण्याचा की मुलाच्या वाजवण्याचा, ते मोजा. चूक झाल्यावर शिक्षक काय करतो ते बघा : लगेच थांबवतो, की मुलाला स्वतःहून थांबायची संधी देतो? मोठा वादक असणं आणि पाच वर्षांच्या मुलाला शिकवता येणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

कापलेली नखं. लांब नखाने पट्टीवर टकटक आवाज येतो आणि बोट आडवं पडतं. गटवर्गाला सैल कपडे, पायांत मोजे नकोत, फरशीवर घसरतात. वही-पेन्सिल माझ्याकडे आहे. आणि येताना वाटेत मुलाला एखादं गाणं म्हणायला सांगा, कोणतंही चालेल. आल्यावर मी तेच वाजवायला घेईन.